बेटावरचं आयतं ताट

चाकणजवळ कुरुळीत आम्ही राहतो ती गल्ली बहुतेक भाड्याच्या खोल्यांची. त्या खोल्यांमधून कंपन्यांत काम करणारी पोरं राहतात. कुणी बीडचं, कुणी लातूरचं, कुणी चिपळूणकडचं. त्यांतल्या छत्तीस जणांना मी दोन वेळचा डबा देते. अकरा वर्षं झाली. पहिल्या शिफ्टचे डबे सकाळी सहाच्या आत भरावे लागतात आणि दुसऱ्या शिफ्टचे दुपारी दोनच्या आत, त्यामुळं माझं पोळ्या लाटणं दिवसातून दोनदा सुरू होतं आणि दोनदा संपतं. माझं स्वतःचं जेवण या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी होतं, ओट्याशी उभ्यानं, पातेल्यात जे उरलं असेल ते.

हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. या डब्यांवरच आमची स्वतःची दोन खोल्यांची जागा झाली आणि पोरीचं शिक्षण चाललंय. पुढचं नीट कळावं म्हणून सांगितलं.

माझे मिस्टर चाकणच्या एका कंपनीत, पत्रा दाबून भाग करतात त्या प्रेस शॉपला आहेत. त्यांना तिथं पंचवीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा कंपनीनं विचारलं, मोठा टीव्ही पाहिजे की दोघांची सहल. सहल म्हणजे विमानाची तिकिटं आणि हॉटेलची खोली; जेवणखाण ज्याचं त्यानं बघायचं. मिस्टर टीव्ही म्हणाले. पोरगी बारावीची परीक्षा देऊन घरी बसली होती, ती अंदमान म्हणाली. तिसरं तिकीट आपण काढू, असंही तीच म्हणाली. मग दोघं माझ्याकडं बघायला लागले.

"जायचं," मी म्हणाले. "पण माझी एक अट आहे. सात दिवस मी गॅसजवळ जाणार नाही. विळी धरणार नाही, चाकू धरणार नाही. चहासुद्धा कुणीतरी करून द्यायचा."

"म्हणजे सात दिवस तिघांनी दोन टाइम हॉटेलातच जेवायचं?" मिस्टरांनी विचारलं.

"हो."

त्यांनी वाद घातला नाही. ते वाद घालत नाहीत, तयारी करतात. निघायच्या आदल्या दिवशी वजन बघायला मी बॅग उचलली तर ती एका बाजूला कलली. आत शेंगदाण्याची चटणी, दोन डबे भडंग, बारा धपाटे आणि टॉवेलात गुंडाळलेली विजेची किटली निघाली. धपाटे त्यांनी मला कळू न देता गल्लीतल्या दुसऱ्या बाईकडून करून घेतले होते. ती जळगावकडची, माझ्यासारखीच डबे देते. माझे छत्तीस डबेही आठवड्यापुरते मी तिच्याकडंच सोपवले होते.

"ही किटली कशाला?"

"चहाला. मी करीन. तुझी अट मोडत नाही."

चेन्नईच्या विमानतळावर पुढच्या विमानाला चार तास होते. मिस्टरांनी मांडीवर पेपर पसरून धपाटे काढले, तशी पोरगी दोन खुर्च्या सोडून लांब जाऊन बसली. तासाभरानं भूक लागल्यावर ती परत आली आणि दोन धपाटे खाऊन पुन्हा लांब गेली. पोर्ट ब्लेअरला एक मुक्काम झाला आणि दुसऱ्या दिवशी बोटीनं आम्ही हॅवलॉक बेटावर उतरलो.

समुद्राचं मी फार लिहीत नाही. तो फोटोत दिसतो तसाच आहे, निळा आणि स्वच्छ. हॉटेलही चांगलं होतं. सकाळचा नाश्ता भाड्यात धरलेला होता. त्या संध्याकाळी मात्र आम्ही तिथं जेवायला बसलो आणि मिस्टरांनी मेनूकार्ड हातात घेतलं. त्यांनी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, मग परत पहिल्यापासून. कंपनीत ड्रॉइंग वाचतात तसं.

"एक दाल फ्राय, एक भात, सहा रोटी," ते वेटरला म्हणाले.

दाल आली. एका घासात मला कळलं की ती सकाळची आहे. गरम करताना पाणी घातलंय, ते वेगळं दिसू नये म्हणून वरून लाल फोडणी दिलीय. मी रोज छत्तीस माणसांचं वरण करते, मला हे जिभेवर ठेवायचीसुद्धा गरज नाही, चमचा फिरवला की समजतं. महाग असतं आणि ताजं असतं, तर मी गप्प खाल्लं असतं. आमच्या तीन दिवसांच्या भाजीचे पैसे देऊन शिळी डाळ खायची, याचा मला राग आला.

"उद्यापासून इथं नाश्ता फक्त," मी म्हणाले. "जेवायचं मी बघते."

"तू तर काही करणार नव्हतीस," पोरगी म्हणाली.

"करणार नाही. बघणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला पुरी-भाजी, उकडलेली अंडी, पपई, केळी असं भरपूर होतं. मिस्टरांनी पोटभर खाल्लं आणि उठताना तीन अंडी रुमालात घेतली. पोरगी मान खाली घालून बाहेर गेली. मी त्यांना दोन अंडी परत ठेवायला लावली.

मग आम्ही बाजाराकडं चालत गेलो. पोरगी फोनवर हॉटेलं दाखवत होती, कुणाला किती तारे, कुणाचे फोटो कसे. मी तिला फोन आत ठेवायला सांगितलं. जेवणाची जागा बघायची तर मागच्या बाजूनं बघायची, एवढं मला धंद्यात कळलंय. समोर सगळ्यांकडंच टेबलावर फूल असतं. मागं भांडी कुठं घासतात, घासलेली भांडी पालथी घालतात का, भाजीची सालं आजची आहेत की कालची, आणि अकरा वाजता चुलीवर काय आहे, हे बघायचं. दोन ठिकाणी मी मागं गेले आणि तशीच परतले. एका ठिकाणी तर अकरा वाजता चूल पेटलेलीच नव्हती आणि पुढं पाटीवर गरम थाळी लिहिलेलं.

तिसरी जागा जेट्टीच्या रस्त्याला लागून होती. पत्र्याची शेड, चार बाकं, पाटी नाही. मागं गेले तर एक पंचावन्नेक वर्षांची बाई खाली बसून, पायानं दाबून धरलेल्या विळीवर केळफूल चिरत होती. शेजारी टोपलीत ताजी सालं, चुलीवर डाळ उकळत होती, भाताचं पातेलं नुकतंच चढलं होतं. भांडी पालथी. तिनं मान वर करून मला बघितलं. कुणी गिऱ्हाईक मागच्या बाजूनं येत नसावं.

"क्या चाहिए?"

"खाना," मी म्हणाले. "कितने बजे?"

"साडेबारा. भात उतरला की."

आमचं सगळं बोलणं हिंदीत व्हायचं. तिची हिंदी बंगाली आणि माझी मराठी, पण दोघींना समजायचं. तिच्या आजोबांना सरकारनं कधीकाळी बंगालमधून आणून या बेटावर जमीन दिली होती, तेव्हापासून ते तिथलेच. तेवढ्यात पुढून एका जीपच्या ड्रायव्हरनं हाक मारली, "माशी, चाय है?"

मिस्टर माझ्या मागं उभे होते. ते हळूच म्हणाले, "माशी कुठंय?" आणि डाळीच्या पातेल्याकडं बघायला लागले.

बंगालीत माशी म्हणजे मावशी, हे पोरीनं फोनवर बघून सांगितलं. पुढचे सगळे दिवस आम्ही तिला माशीच म्हणालो, पण मिस्टरांना ते म्हणताना दर वेळी थोडं अडखळायला व्हायचं.

साडेबाराला आम्ही बाकावर बसलो. आसपास जीपवाले, बोटीवर सामान चढवणारे हमाल, बांधकामावरचे दोन गवंडी. ताटात भात, मुगाची डाळ, केळफुलाची सुकी भाजी, कच्च्या पपईची गोडसर चटणी. डाळीला पाच जिनसांची फोडणी होती: जिरं, मोहरी, मेथी, बडीशेप आणि कांद्याच्या बियांसारखी दिसणारी कलौंजी. मासा वेगळा घ्यायचा. तो त्या दिवशी सकाळी आलेला होता, पातळ पिवळ्या रश्शात.

आम्ही मूळचे बीडकडचे. मटण आम्हाला कळतं, मासा म्हणजे धरणातला. समुद्राचा मासा कुरुळीत चिपळूणची पोरं कधी करून खातात, तेव्हा वासानं मी खिडकी लावून घेते. पण ड्रायव्हर ज्या पद्धतीनं खात होते ते बघून मी मासा सांगितला.

माशी पातेलं घेऊन आली आणि मला म्हणाली, "डोकं देऊ की पोटाचा तुकडा?"

"तिला काहीही चालतं," मिस्टर म्हणाले.

"मी हिला विचारलं," माशी त्यांना म्हणाली. आवाज चढवला नाही, फक्त पळी तशीच धरून उभी राहिली.

मी पातेल्यातल्या दोन्ही तुकड्यांकडं आळीपाळीनं बघितलं. पोरीला काय आवडतं ते मला माहीत आहे, मिस्टरांचं माहीत आहे, छत्तीस पोरांपैकी कुणाला वांगं चालत नाही, कुणाला कोथिंबीर नको असते, सगळं पाठ आहे. मी म्हणाले, "तुम्ही द्याल ते."

"ते मी कसं ठरवू? तुझं ताट आहे."

"मग पोटाचा," मी म्हणाले, काहीतरी म्हणायचं म्हणून. तो तुकडा मऊ होता, काटे मोठे आणि सहज निघणारे. मी भात परत मागितला. मिस्टर माझ्याकडं बघत होते. घरी मी परत मागत नाही, मागायचं कुणाकडं?

तिघांच्या त्या जेवणाला हॉटेलच्या एका दाल फ्रायपेक्षा थोडं जास्त पडलं. मिस्टर खूश झाले आणि मी भरल्या पोटानं खोलीत जाऊन झोपले. दुपारी झोपायची मला सवय नाही. डोळे उघडले तर पाच वाजले होते.

मग तीच पद्धत बसली. सकाळी हॉटेलचा नाश्ता, दुपारी माशीकडं पोटभर, संध्याकाळी किनाऱ्यावर शहाळं आणि मलई, एखादवेळी झालमुडी म्हणजे बंगाली भेळ, खोलीवर मिस्टरांच्या किटलीचा चहा आणि भडंग. शहाळेवाल्याला आधी पाण्याचं सांगायचं की मलईचं, त्यावर तो नारळ वेगळा निवडतो, हे पोरीनं शोधून काढलं. माशीकडं दुसऱ्या दिवशी वेगळंच काहीतरी होतं. अळूसारख्या देठांची भाजी, भोपळा आणि हरभरे. मिस्टरांचा त्या दिवशी गुरुवार, मासा-मटण बंद, म्हणून तिनं त्यांना नारळ घालून घट्ट हरभऱ्याची डाळ दिली, आणि ती गोड का लागतेय हे तिला विचारायची त्यांची हिंमत झाली नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमची ओळख झाली. दुपारची गर्दी ओसरली की ती माझ्या समोर बसायची आणि पान लावायची. मी तिला डब्यांचं सांगितलं. छत्तीस म्हटल्यावर तिनं मान हलवली. तिच्याकडं वीस-पंचवीस जण जेवायचे, हाताखाली सून होती. ती बाळंतपणासाठी पोर्ट ब्लेअरच्या दवाखान्यात गेलेली, मुलगा तिच्याबरोबर. म्हणून माशी महिनाभर एकटीच होती. मी तिला माझ्या अटीबद्दलही सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "सात दिवस पुरतात का?"

पाचव्या दिवशी आम्ही परत पोर्ट ब्लेअरला जाणार होतो. सकाळी उठलो तर आभाळ भरलेलं आणि वारा असा की नारळाच्या झावळ्या रस्त्यावर पडलेल्या. जेट्टीवर गेलो तर सांगितलं, बोटी बंद. कधी सुरू होतील कुणी सांगेना. आमच्यासारखे बॅगा घेतलेले शंभर-दोनशे लोक तिथं उभे होते. फोन फक्त जेट्टीच्या टोकाला लागायचा. मिस्टरांनी तिथं उभं राहून कंपनीतल्या माणसाला गाठलं, त्यानं विमानाची तिकिटं पुढं ढकलायचं मान्य केलं. हॉटेलवाल्यानं खोली राहू दिली, पण नाश्ता आता ब्रेड आणि चहा एवढाच. भाजीची बोटही बंद होती.

अकराला आम्ही माशीकडं गेलो तर शेडबाहेर रांग. मोठ्या हॉटेलांनी जेवण कमी केल्यावर लोकांना ही जागा सापडली होती. आत माशी एकटी. समुद्रात होड्या गेल्या नव्हत्या म्हणून मासा नव्हता, भाजीत दोन भोपळे आणि पपया. तिच्या घरामागं तळं होतं. त्यातला रोहू पकडून द्यायला तिनं शेजाऱ्याला सांगितलं होतं. भात मात्र पोत्यात होता.

मी सरळ मागं गेले आणि पदर खोचला.

"बस," माशी म्हणाली.

"एकटीला होणार नाही. साठ-सत्तर माणसं आहेत."

"दिवस कितवा?"

"पाचवा."

"मग बस. तुझ्या माणसाला पाठव."

मला वाटलं ती गंमत करतेय. ती करत नव्हती. मिस्टर आत आले. पंचवीस वर्षं प्रेसवर काम केलेला माणूस, पण घरात पाण्याचा तांब्यासुद्धा मी हातात देते. माशीनं त्यांच्यासमोर भोपळा आणि चाकू ठेवला. पोरीला पुढं उभं केलं, कुणाला काय पाहिजे ते विचारायला.

मी बाकाच्या कडेला बसले. तिथून मला सगळं दिसत होतं. मिस्टर भोपळ्याच्या फोडी करत होते, एकेक मोजून मापून, सगळ्या एकसारख्या. पाच मिनिटांत मूठभर झाल्या.

"शिजल्यावर सगळं एकच होतं," माशी त्यांना म्हणाली. "हात चालवा."

"सारखे असले की सारखे शिजतील," मिस्टर म्हणाले.

"तोवर लोक उपाशी परत जातील."

भाताचा वास मला बसल्या जागी आला. तळाला लागायला आला होता. मी तिथूनच म्हणाले, "भात बघा." थोड्या वेळानं म्हणाले, "डाळ पातळ करा, पुरवठ्याला येईल." मग पोरीला म्हणाले, "आधी लहान मुलं असलेल्यांना दे."

माशी पळी घेऊन बाहेर आली. "हाताला सुट्टी आहे आणि तोंडाला नाही का?" ती म्हणाली. "समुद्राकडं जा. तासाभरानं ये."

मला अपमान झाल्यासारखं वाटलं. मी उठले आणि चालत किनाऱ्याला गेले. पाऊस थांबला होता, वारा होता. एका आडव्या पडलेल्या झाडावर बसले. डोक्यात सारखं तेच, भात लागला असेल, मिस्टर बोट कापून घेतील, पोरगी गोंधळेल. आणि खरं सांगायचं तर यांतलं काहीतरी व्हावं असंही वाटत होतं. मला बोलवायला कुणीतरी धावत यावं. कुणी आलं नाही. कधीतरी मी ते सगळं सोडून लाटांकडं बघायला लागले. किती वेळ गेला माहीत नाही. अकरा वर्षांत जेवणाच्या वेळी मी रिकाम्या हातानं कुठं बसले नव्हते.

परत आले तर रांग संपली होती. मिस्टर नळाखाली पातेलं घासत होते. अंगठ्याला चिंधी बांधलेली. पोरगी बाकावर डोकं टेकून बसली होती. भात थोडा लागला होता म्हणे, पण कुणी काही बोललं नाही. जवळजवळ सगळ्यांना पुरलं. शेवटच्या चार जणांना डाळ-भात आणि पापड.

मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण माझ्याशिवाय झालं, हे पहिल्यांदा टोचलंच.

माशीनं झाकलेलं ताट पुढं ठेवलं. भोपळा, भात आणि रोहूचा पोटाचा तुकडा. तळ्यातला मासा, थोडी मातीची चव असलेला. आमच्याकडं धरणातला मिळतो अगदी तसा. माझी आई असा मासा करायची, फक्त मसाला काळा. मी सावकाश खाल्लं.

मिस्टर समोर येऊन बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "हे एवढं तू रोज करतेस?"

"दोन वेळा," मी म्हणाले.

"पोळ्या पण असतात."

"असतात."

ते हाताचा अंगठा बघत बसले.

सहावा आणि सातवा दिवस असेच गेले. मिस्टर आता पहाटे उठून माशीकडं जायला लागले. फोडी करायचा त्यांचा वेग थोडा वाढला, पण मापं सोडली नाहीत. पोरगी हिशेबाला पक्की निघाली आणि परदेशी पाहुण्यांशी इंग्रजी बोलून तिची भीड मोडली. माशीनं आमच्याकडून त्या दिवसांत जेवणाचं काही घेतलं नाही. मी द्यायला लागले तर म्हणाली, "दोन माणसं कामाला आहेत तुझी." मी खात होते, झोपत होते आणि किनाऱ्यावर बसत होते. कंटाळाही आला. तोही मला नवीन होता.

सातव्या दिवशी दुपारी पोरगी जेट्टीच्या टोकाला फोन करायला गेली होती. जाताना तिनं माशीच्या मुलाचा नंबर लिहून घेतला होता. तासाभरानं ती परत आली, धापा टाकत. "माशी, मुलगी झाली. परवाच झाली. दोघी चांगल्या आहेत."

माशी तांदूळ निवडत होती. मग तिनं सूप बाजूला ठेवलं, उठून चुलीजवळ गेली आणि आमच्याकडं पाठ करून बराच वेळ उभी राहिली. तीन दिवस ती इतक्या लोकांना वाढत होती आणि सुनेचं नाव एकदाही काढलं नव्हतं. मी जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले. त्या दिवशी संध्याकाळी तिनं तांदळाची गुळाची खीर केली आणि जो आला त्याला दिली.

आठव्या दिवशी सकाळी मी मागच्या बाजूनं आत गेले आणि सरळ विळीशी बसले. माशीनं बोटांवर दिवस मोजले आणि पिठाचा डबा माझ्याकडं सरकवला. भाजी संपलीच होती. भजीसाठी ठेवलेलं बेसन होतं, कांदे होते, मिरच्या होत्या. मी पिठलं केलं. मोठं पातेलंभर, आमच्याकडचं, झणझणीत. दोन गुजराती कुटुंबांनी ते परत मागून घेतलं. जीपवाल्यांपैकी एकानं बोट बुडवून चाखलं आणि विचारलं, हे भाताबरोबर खायचं की भाताऐवजी. हमालांनी निम्मं ताटात ठेवलं. माशीनं दोन घास खाल्ले, विचार केला आणि म्हणाली, "मोहरीचं तेल घातलं असतंस तर खाता आलं असतं."

दुपारी भोंगा वाजला. बोट आली होती. बॅगा आणायला आम्हाला धावपळ करावी लागली, त्यामुळं निरोप असा नीट घेताच आला नाही. माशी रस्त्यापर्यंत आली, पोरीच्या हातात केळीच्या पानात बांधलेला भात आणि तळलेला मासा दिला आणि लगेच मागं वळली, चुलीवर काहीतरी होतं म्हणून. ते पान आम्ही बोटीत उघडून जेवलो. त्या वेळी पोरगी लांब जाऊन बसली नाही.

कुरुळीला पोचलो तेव्हा घरात दहा दिवसांची धूळ होती. दुसऱ्या दिवशी चारला उठून मी कणीक मळली. छत्तीसपैकी एकतीस पोरं परत आली. पाच जण जळगाववाल्या बाईकडंच राहिले. मला वाईट वाटलं, पण विचारल्याशिवाय राहवेना. त्यांतला एक लातूरचा, सरळ बोलणारा. म्हणाला, "ताई, राग मानू नका. तिची भरीत-भाकरी लई भारी असती. तुमची पोळी चांगली. पण रोज पोळीच असती."

मी एक दिवस तिच्याकडं जेवायला गेले. एकाच गल्लीत अकरा वर्षं राहून मी तिच्या घरी कधी जेवले नव्हते. भरीत खरंच चांगलं होतं, वांगी भाजून लाकडी मुसळानं ठेचलेली, वर तेलाची हिरव्या मिरचीची फोडणी. मी तिला तसं सांगितलं. तिला आधी वाटलं मी पोरं परत मागायला आलेय. मग ती म्हणाली, "मला पण एक दिवस सुट्टी पाहिजे हो, ताई. आजारी पडले तरच मिळते."

तिथंच बसून आमचं ठरलं. एका रविवारी संध्याकाळी माझ्या पोरांना तिनं जेवण द्यायचं, दुसऱ्या रविवारी तिच्या पोरांना मी. पोरांनी सुरुवातीला कुरकुर केली, आता त्यांना सवय झालीय. मोकळ्या रविवारी मी आणि मिस्टर गाडीवर कधी तळेगावला जातो, कधी भोसरीला, आणि मी मागच्या बाजूनं बघून जागा ठरवते. मिस्टर बाहेर गाडीजवळ थांबतात.

या रविवारी माझी पाळी आहे. साठेक माणसं होतील. मटकी भिजत घातलीय आणि मिस्टर कांदे चिरायला बसलेत, चष्मा लावून.